बिनगाण्याची वेचणी

यंदा दिवाळीनंतर गावी गेले, आत्याच्या मागोमाग कापूस वेचायला पऱ्हाटीत शिरले आणि जागच्या जागी थांबले. शेतात दहा-बारा बायका होत्या आणि आवाज नव्हता.

म्हणजे एक होता. बोंडातून कापूस ओढला की वाळलेली पाकळी कुरकुरते, तेवढाच. याच शेताच्या बांधावर मी लहानाची मोठी झाले, पण ती कुरकुर मला यंदा पहिल्यांदा ऐकू आली. आजवर तिच्यावर कायम गाणं पसरलेलं असायचं.

आधी वाटलं, गावात कुणीतरी वारलं असणार. आत्याच्या खांद्याला हात लावून मी हळूच विचारलं, कोण गेलं म्हणून. तिनं पदर मागं सारला, कानातलं काढलं आणि म्हणाली, "काय म्हन्लीस?"

मग मी शेतभर नजर फिरवली. वेचणीत प्रत्येकीला दोन-दोन सऱ्या वाटून देतात, त्याला आमच्याकडं पात म्हणतात. प्रत्येक पातीत एक बाई, प्रत्येक बाईच्या गळ्यात आठवडी बाजारातला इअरफोनचा पट्टा, आणि पदराखाली दोन्ही कान बुजलेले. हात झाडाला, ओटीत कापूस, कानात गाणं. सगळ्या ऐकत होत्या. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

तो धक्का अजून उतरलेला नाही.

माझी आत्या मंजुळा. आमचं घर भीमनगरातलं, वडीगोद्रीच्या पलीकडच्या एका लहान गावात. ज्या शेतात आत्या वेचते ते शकूकाकूंचं. काकूंचं घर गावातलं जुनं शेतकऱ्याचं, पण जमीन बेताची, म्हणून मजुरांबरोबर काकूही पात धरतात. आत्या आणि काकू एका वयाच्या. कामाच्या बाहेर एक मंजुळा आणि दुसरी पाटलीणबाई. पण पातीत शेजारी उभ्या राहिल्या आणि गाणं सुरू झालं की दोघी एकमेकींना सई म्हणायच्या.

त्या गाण्याची रीत सांगते, कारण तिच्यावरच सगळं अडलं आहे. सवाल आत्याचे. ते ठरलेले, दरवर्षी तेच, आणि पहिला हा.

सई गं सई, माझ्या माहेराची वाट
कशानं गं मोडली?

मग आत्या थांबायची. जबाब काकूंचा, आणि तो मात्र रोजचा नवा. आदल्या दिवशी विहिरीवरची मोटार जळाली असली तर वाट मोटारीच्या धुरानं मोडायची. पुढाऱ्याच्या गाड्यांचा ताफा गेला असला तर धुरळ्यात हरवायची. एकदा काकूंच्या सासूनं गूळ लपवून ठेवला, तर त्या दिवशी वाटेवर गुळाचा डोंगर उभा राहिला आणि सगळं शेत हसून वाकलं. काकू जबाब जुळवत असायच्या तोवर सगळ्यांचे कान तिकडं. पुढं काय येणार, आत्याला माहीत नसायचं. काकूंनाही नसायचं. मी बांधावर बसून सरकीचे दाणे मोजायचा खेळ खेळत असले तरी त्या थांबण्यात माझाही हात थांबायचा.

याच्यावर मी गोड रंग चढवणार नाही. गाणं एक होतं आणि पाण्याच्या घागरी दोन होत्या. गाणं संपलं की सई पुन्हा पाटलीणबाई व्हायची. माझे वडील, आप्पा, यावरून आत्याला चिडवायचे. म्हणायचे, "मंजे, गळ्यानं सई झालीस, घागरीनं कधी होनार?" आत्या म्हणायची, "गळ्यानं तरी झाले. तुझ्या पत्रकानं कोन झालं ते सांग." आप्पा हसायचे. आणखी काही वर्षांनी शेतातली घागर एकच झाली. ती गाण्यानं झाली की पत्रकानं, यावर घरात अजून एकमत नाही.

आप्पांची पत्रकं हे माझं पहिलं वाङ्मय. वडीगोद्रीच्या नाक्यावर ते सायकली दुरुस्त करायचे आणि मनात आलं की अंबडला जाऊन पत्रक छापून आणायचे. कधी रस्त्यासाठी, कधी शाळेतल्या शिक्षकासाठी, कधी जयंतीच्या आधी. गुलाबी, पिवळा, पातळ कागद, शाईचा वास. मी वाचायला शिकले ते त्यातल्या ठळक ओळींवर. आणि वाटायला शिकले ते एसटीच्या थांब्यावर.

वाटण्याचा नियम एकच होता. समोर येईल त्याच्या हातात द्यायचं. एकदा मी नाक्यावर माणसं पारखायला लागले. आपला दिसला की द्यायचं, मोठ्या घरचा, रागीट मिशीचा दिसला की कागद पाठीमागं लपवायचा. आप्पांनी पंक्चर काढता काढता बघितलं आणि हाक मारली. म्हणाले, "चेहरा बघून वाटलं तर ते पत्रक न्हाई, लग्नाची पत्रिका झाली. ज्याला नको असतं, त्यालाच पत्रक द्यायचं असतं."

जयंतीला भोंगा बांधतानाही त्यांचं हेच. भोंग्याचं तोंड गावाकडं पाहिजे. आपली गाणी आपल्याला पाठ आहेत, म्हणायचे, आपल्याकडं तोंड करून काय उपयोग.

मी यंत्राची वैरीण नाही. संभाजीनगरला शिकायला गेले, वसतिगृहात राहिले, आणि गाण्यांचं ॲप पहिल्यांदा तिथं हातात आलं. तोवर माझ्याजवळ आप्पांच्या पेटीतल्या कॅसेटी एवढंच संगीत होतं. हायवेवरच्या दुकानात ट्रकवाल्यांना लागेल तेवढंच मिळायचं. एका दुपारी कपडे वाळत घालताना फोननं आपल्या मनानं पुढचं गाणं लावलं. कुठल्यातरी वाळवंटातल्या बायका. भाषा कळेना, देश नकाशात सापडेना. एक बाई हाक दिल्यासारखी ओळ फेकत होती आणि बाकीच्या टाळ्यांवर तिला झेलत होत्या. माझ्या हातात ओला दुपट्टा तसाच राहिला. त्या वर्षी त्या ॲपनं मला कुठं कुठं फिरवलं. मी भारावून कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लिहिलं, आता गाण्याला वेस उरली नाही.

सुट्टीत ते वाळवंटातलं गाणं आत्याला ऐकवलं होतं. तिनं भाकरी थापता थापता कान दिला आणि म्हणाली, "ह्या बी थांबतेत बघ. दुसरीला येऊ देतेत." मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. किती मोठं बोलली होती, हे कळायला मला यंदाची वेचणी लागली.

त्या पहिल्या दिवशी दुपारी बायका बाभळीखाली भाकरी खायला बसल्या तेव्हा मी गंमत म्हणून एकेकीचा इअरफोन मागून कानाला लावत गेले. आत्याच्या कानात भीमगीत. त्याच्यामागं दुसरं भीमगीत, त्याच्यामागं तिसरं. शकूकाकूंच्या कानात कीर्तन, मग त्यांच्या समाजाच्या अभिमानाचं गाणं, मग तसलंच एक भाषण, वर ढोल-ताशा. तांड्यावरून यंदाच कामाला आलेली सुनीता नावाची एक बुजरी बाई होती, माझ्याहून थोडी मोठी. तिच्या कानात गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीतलं गाणं. ती संकोचून म्हणाली, "तुला न्हाई कळायचं, ताई," आणि इअरफोन परत घेतला.

कुणीही फोनला आपली जात सांगितली नव्हती. कुणी फॉर्म भरला नव्हता. आत्यानं एकदा एक गाणं लावलं, काकूंनी एकदा एक लावलं, आणि पुढचं सगळं फोननं आपलं आपण जुळवलं. तुला हे आवडलं ना, मग असलंच आणखी घे. असलंच, असलंच, असलंच. करता करता एका बाभळीच्या सावलीत, एका घागरीचं पाणी पिणाऱ्या बायकांची त्यानं इतकी चोख वाटणी केली होती की जुन्या काळच्या गावकारभाऱ्यांनाही जमली नसती. ते निदान वेशीबाहेर घरं बांधायला लावत होते. इथं वेस कानात येऊन बसली होती. भित्तिपत्रकावरचं माझं वाक्य मला आठवलं आणि कानशिलं तापली.

कुणी म्हणेल, आपापली गाणी ऐकली तर बिघडलं काय. भीमगीतांवर तर मी वाढले. त्या गाण्यांनी माझ्या आजोबांची मान ताठ केली. पण ती गाणी भोंग्याचं तोंड गावाकडं करून म्हणायला रचली होती. आता भोंगा उलटा फिरला आहे. आमचं आम्हालाच ऐकू येतं आणि आम्हाला वाटतं, सगळं जग हेच ऐकतंय. तिकडं काकूंनाही तसंच वाटतं. मधल्या काळात गावातलं वारं फिरलं, चहाच्या टपऱ्या वेगळ्या झाल्या, लोक एकमेकांचे स्टेटस बघून रस्ता बदलायला लागले, त्याला कारणं पुष्कळ आहेत आणि सगळी या फोनच्या माथी मारणं खोटेपणा होईल. पण पातीतलं गाणं कुणी बंद पाडलं नव्हतं. भांडण झालं नव्हतं. एक दिवस एकीनं कान बुजवले, दुसरीला वाटलं हिला आता माझं नको, मग तिनंही बुजवले. बस्स.

आणि वेळ फार उरला नव्हता. काकूंचा मुलगा भोकरदनला शाळेत शिक्षक आहे. शेत बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं लावून तो आईला संक्रांतीच्या आत घेऊन जाणार, हे ठरलं होतं. म्हणजे ही काकूंची शेवटची वेचणी. आत्या हे मला सांगताना बोंडाकडंच बघत होती. मी म्हटलं, मग म्हणा की एकदा गाणं. ती म्हणाली, "तिचं तिचं चाललंय. आपन कशाला मधी."

मला वाटलं, हे गाणं निदान जपून तरी ठेवू. आत्याला अंगणात बसवलं, फोन उभा केला आणि म्हटलं, गा. ती गायली. पण एकटीच. पहिला सवाल टाकला आणि थांबली. जबाबाला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबली. कोंबडी ओरडली, शेजारी कुणी बादली आपटली, आत्या तशीच बसून. मग दुसरा सवाल, पुन्हा थांबणं. मी म्हटलं, काकूंचं पण तूच म्हण ना. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी तिला दुसऱ्याच्या ताटातलं उचलायला सांगितलं होतं. "तिचं मी कसं म्हनू? ते तिला सुचतं."

संभाजीनगरला परतताना बसमध्ये बसून मी ते गाणं ॲपवर चढवलं. चढवताना फोननं विचारलं, आवाज साफ करायचा का. मी हो म्हटलं. कोंबडी गेली, बादली गेली, आणि फोननं कळवलं की मधल्या रिकाम्या जागाही काढल्या आहेत. मला बरंच वाटलं.

आणि गाणं धावलं. नागपूरहून, पुण्याहून, एक तर आखातात काम करणाऱ्या माणसाकडून निरोप आला की आईची आठवण आली, जय भीम ताई. मी हरखले. मग हळूहळू लक्षात आलं की निरोप सगळे आपल्याच माणसांचे आहेत. त्या गाण्यात आंदोलन नाही, घोषणा नाही, निळा झेंडा नाही. माहेराची वाट आहे. तरी ॲप ते फक्त भीमगीतांच्या मागोमाग लावत होतं. कशावरून ठरवलं, मला ठाऊक नाही. विचारायचं कुणाला, तेही ठाऊक नाही. आप्पांच्या पत्रकावर निदान खाली छापणाऱ्याचं नाव असायचं.

दर शनिवारी मी वेचणीला यायचे आणि काहीतरी निमित्त काढून काकूंचा फोन हातात घ्यायचे. आज तरी ह्यांच्या पुढ्यात हे गाणं आलं असेल. कीर्तन. ढोल. भाषण. पुन्हा ढोल. माझ्या आत्याचा आवाज समुद्र ओलांडून आखातात गेला होता आणि शेजारच्या पातीत पोचला नव्हता. हे मला आजही लिहवत नाही. ज्या एका माणसासाठी ते गाणं होतं, तेवढा एक माणूस सोडून ॲपनं ते सगळ्यांना दिलं.

मग मी नाक्यावरची पोरगी झाले. एका शनिवारी संध्याकाळी चालत काकूंच्या घरी गेले.

काकू ओसरीवर पितळी भांडी पोत्यात भरत होत्या. भोकरदनच्या घरात एवढी जागा नाही, तरी भरत होत्या. मला वर येऊन बस म्हणाल्या. माझ्या आजीला त्या ओसरीवर कुणी बोलावलं नव्हतं, हे माझ्या पायांना चढताना आठवलं. मी म्हटलं, "काकू, जरा ऐका," आणि फोनचा आवाज मोठा केला.

पहिल्या 'सई'लाच त्यांचा हात थांबला. सवाल संपला. काकूंनी मान वर केली, डोळे बारीक केले, जबाब ओठांवर आला आणि तेवढ्यात दुसरा सवाल सुरू झाला. त्या दचकल्या. दुसऱ्याला पुन्हा तोंड उघडलं, तिसरा अंगावर आला. चौथ्याला त्यांनी हातातली परातच खाली ठेवली.

"अगं थांबव तिला. बोलूच देईना मला."

मी बंद केलं. काकूंनी फोन हातानं दूर सारला. मग म्हणाल्या, "ही मंजुळा न्हाई."

मी म्हटलं, आत्याच आहे, आमच्या अंगणात गायली.

"आवाज तिचाच हाय. पर मंजुळा थांबती. सवाल टाकून अशी पळून जात न्हाई कधी." मग आवाज खाली आणून, जणू मला नाही, त्या परातीला म्हणाल्या, "तिला माझा जबाब नकोच झाला का आता?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रिकाम्या जागा. त्या रिकाम्या नव्हत्या, त्या काकूंच्या होत्या. आत्यानं अंगणात बसून, कोंबडीच्या आणि बादलीच्या आवाजात, गैरहजर माणसाची जागा राखून ठेवली होती. आणि यंत्राच्या हिशेबात जिथं कुणी गात नाही तिथं काही नाही. त्याला थांबणं कळत नाही. एक गाणं संपायच्या आत दुसरं तयार ठेवायचं, माणसाला क्षणभर मोकळं सोडायचं नाही, हाच त्याचा धर्म. पण नवं गाणं येतं ते त्याच मोकळ्या क्षणातून. पुढं काय येणार हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हा. वाळवंटातल्या त्या बायका मला भेटल्या, त्याचं ॲपला श्रेय आहे, ते मी देते. पण त्यांनी मला जे शिकवलं तेच त्यानं आत्याच्या गाण्यातून कापून टाकलं.

काकूंना मी सगळं सांगितलं, फोननं काय काढलं ते. त्यांना निम्मं कळलं असेल. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे ती थांबलती?"

"थांबली होती," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी."

काकू उठल्या आणि पोतं पायानं बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दव वाळल्यावर बायका पाती धरून उभ्या राहिल्या. काकूंनी आपली पात सोडली, आत्याच्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, तू तिकडं जा, आणि तिच्या जागी आल्या. आत्यानं तिरक्या डोळ्यानं बघितलं. काकूंच्या गळ्यात पट्टा नव्हता. आत्यानं आपला काढला आणि ओटीतल्या कापसात खुपसला. थोडा वेळ नुसती बोंडं कुरकुरली. मला वाटलं, आता नाही होत.

मग आत्यानं घसा खाकरला. आवाज पहिल्यासारखा राहिलेला नाही, वरच्या सुराला चिरतो.

सई गं सई, माझ्या माहेराची वाट
कशानं गं मोडली?

आणि थांबली. काकूंनी चार बोंडं वेचली. पाचव्याला हात घातला आणि जबाब आला.

सई गं सई, कानामंदी बोळा
हाक न्हाई पोचली.

पहिल्यांदा आत्याच हसली. मग आजूबाजूच्या एकदोघींनी कानातलं काढलं, काय झालं म्हणून. मग आणखी एकीनं. काकूंना जोर चढला. लेकाचं टाइल्सचं घर आलं, सुनेचा मिक्सर आला, पितळी भांड्यांचं पोतं आलं, आणि बायका ओटी धरून हसत होत्या. मी बांधावर नव्हते, त्यांच्यातच पातीत होते, आणि माझे हात बारा वर्षांच्या पोरीसारखे थांबत होते.

मग आत्यानं एक सवाल टाकला जो मी कधी ऐकला नव्हता. ठरलेल्या सवालांतला नव्हताच तो.

सई गं सई, भोकरदनच्या गावी
तुला कोन गं पुसील?

काकूंचा हात झाडावर तसाच राहिला. एक बोंड, दुसरं बोंड. जबाब येईना. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पदर नाकाला लावला. आत्या थांबली होती. घाई तिनं केली नाही, दुसरा सवाल टाकला नाही. सगळं शेत थांबलं होतं. त्या पहिल्या दिवशी ऐकलेली कुरकुरही नव्हती, कारण कुणी वेचतच नव्हतं.

आणि जबाब आला. पण काकूंकडून नाही. तीन पाती पलीकडून, एका कोवळ्या, थोड्या घाबरलेल्या, वेगळ्याच हेलाच्या आवाजात.

सई गं सई, नंबर दे गं तुझा
मीच रोज पुसीन.

सगळ्या माना एकदम वळल्या. सुनीता पऱ्हाटीत अर्धी लपून खाली बघत होती, कानापर्यंत लाल झालेली. तिचा इअरफोन गळ्यात लोंबत होता आणि त्यातून गोरमाटी गाणं बारीक आवाजात आपल्याआपण चालूच होतं.

काकूंनी पदरानं डोळे पुसले, टाचा उंचावून तिकडं बघितलं आणि आत्याला विचारलं, "ही गाती? मला कुनी सांगितलंच न्हाई गं. इतके दिवस कुठं व्हती ही?"

सगळी वेचणी ती तिथंच होती.